काकूच्या हातची बंदूक

मी आयुष्यात पहिल्यांदा बंदूक पाहिली ती घासलेल्या भांड्यांच्या टोपल्यात. परातीला टेकवून एक लांब लोखंडी नळी उभी केली होती, तिच्या तोंडातून पाणी ठिबकत होतं, आणि बाजूला तीन पितळी गडवे उपडे घातले होते. वडनेरपासून दीड कोसावरच्या त्या गावात माझी प्राथमिक शाळेवर नेमणूक झाली होती आणि मी त्या घरी भाड्याची खोली बघायला गेले होते. नळी कसली ते न कळून मी ती उचलायला गेले. चुलीपाशी बसलेल्या बाई तिथूनच म्हणाल्या, "हात नका लावू बाई. तुमच्या हाताले घाम आहे. घाम लोखंड खाऊन टाकते."

या गिरजाकाकू. वय तेव्हा चाळिशीच्या आसपास, अंगानं काटक, कपाळ मोठं, आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं आपलंच काहीतरी चुकलंय. बहुतेक वेळा चुकलेलंच असायचं. आणीबाणीच्या आदल्या वर्षी मी त्यांच्या ओसरीलगतच्या खोलीत राहायला आले आणि पुढची साडेपाच वर्षं तिथेच काढली. आर्वीला आईला पत्र लिहिताना मी त्यांचं वर्णन 'घरमालकीण फार कडक आहे' असं केलं होतं. आईनं उलट टपाली कळवलं की बरं झालं.

बंदूक होती काकूंच्या नवऱ्याची, म्हणजे पुंडलिककाकांची. गावात रानडुकरांचा त्रास फार. एका रात्रीत ज्वारीची अख्खी पट्टी झोपवून जायची. त्यासाठी शेतरक्षणाच्या परवान्यावर गावात पाच जणांकडे बंदुका होत्या. परवाना पुरुषांच्या नावावर, चालवायचे पुरुष, मिशीला पीळ पुरुषांचा. साफसफाई मात्र पाचही बंदुकांची काकूंकडे. हे कसं सुरू झालं हे मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, नवीन लग्न होऊन आल्या तेव्हा नवरा बंदूक नुसती धोतरानं पुसून टांगायचा. एका पावसाळ्यात नळीला आतून गंज धरला. मग त्यांनी ती तव्यासारखी घासायला घेतली. आपल्या घरातली वस्तू गंजलेली त्यांना बघवत नसे, मग ती उलथणं असो की बंदूक.

त्यांचं सगळं सामान स्वयंपाकघरातलं. आधी नळीतून उकळतं पाणी, मग बांबूच्या कामटीला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळून घासलेट. बाहेरून गंज असेल तर तुराट्यांची राख, तीही फडक्यातून चाळलेली, कारण खड्यानं ओरखडा पडतो. लाकडी दस्त्याला जवसाचं तेल. लोखंडाला मात्र जवस नाही, यावर त्या फार ठाम होत्या. जवस लोखंडावर वाळून चिकट होतं आणि घोडा अडकतो. खोबरेल थंडीत गोठतं. म्हणून लोखंडाला शिलाई मशीनचं तेल, तेही कोंबडीच्या पिसानं. त्या तेलाची छोटी बाटली देव्हाऱ्यातल्या अत्तरदाणीच्या शेजारी असायची. एकदा पुंडलिककाकांनी त्यातलं दोन थेंब तेल अत्तर समजून कानामागे लावलं आणि तसेच लग्नाला गेले. काकू ही गोष्ट सांगताना हसत नसत. तेल वाया गेलं, एवढंच म्हणत.

पुंडलिककाका स्वभावानं मऊ, देवभोळे. सकाळी तासभर पूजा. काकूंना ते भीत असत आणि हे कबूलही करत. त्यांचा धाकटा भाऊ मधुकर याच घरात. आई लवकर वारल्यामुळे त्याला काकूंनीच वाढवलेलं. मोठा झाल्यावर त्याच्यासाठी मुलगी काकूंनीच शोधली, आपल्या माहेरच्या नात्यातली, सुमन नावाची. मधुकर उंचापुरा, बडबड्या, मला 'बाई, आज शाळेले बुट्टी का?' असं रोज विचारणारा. मी रोज चिडायचे आणि तो रोज विचारायचा.

काकूंचा एक नियम होता. बंदूक आणणाऱ्यानं ती त्यांच्यासमोर मधोमध उघडायची, काडतूस नाही हे दाखवायचं, मगच त्या हातात घेणार. परत देतानाही तसंच. उघडी नळी उजेडाकडे धरायची आणि म्हणायचं, "पाह्य, आरपार दिसते का." दिसते असं म्हटल्याशिवाय बंदूक मिळायची नाही. एकदा शेजारच्या गावचा एक प्रतिष्ठित माणूस आपली बंदूक घेऊन आला. उघडायला सांगितल्यावर त्याला अपमान वाटला. मी काय लेकरू आहे का, बंदूक रिकामीच आहे, असं त्यानं दोनदा सांगितलं. काकूंनी ताक प्यायला दिलं, बसायला पाट दिला, बंदुकीला हात लावला नाही. अर्ध्या तासानं कंटाळून त्यानं ती उघडली, तर आत काडतूस. तो घामाघूम झाला. काकू म्हणाल्या, ताक अजून आणू का.

ही गोष्ट चार गावांत पसरली आणि काकूंचं नाव झालं. 'काकूच्या हातची बंदूक' म्हणजे चकचकीत आणि रिकामी, यात शंकाच नाही. नाव झालं की माणसं आळशी होतात हे मी शिक्षिका असून माझ्या लक्षात आलं नाही. हळूहळू लोक परत घेताना नळीतून बघेनासे झाले. काकूनं दिली ना, मग झालं, म्हणायचे आणि खांद्याला लावून चालू लागायचे. काकू रागवायच्या, पण कौतुक कोणाला आवडत नाही? त्यांनाही आवडत होतं. मला तर त्यांचा अभिमानच वाटायचा.

आणीबाणी सैल होऊन निवडणूक आली तेव्हा गावातल्या पाचही बंदुका ठाण्यात जमा झाल्या. निवडणूक संपून परत आल्या तेव्हा त्यांच्यावर तांबूस थर बसला होता. काकू दुसऱ्या दिवशी एसटीनं ठाण्यात गेल्या आणि तिथल्या जमादाराच्या टेबलावर तेलाची बाटली व पिसांची जुडी ठेवून आल्या. पुढच्या वेळी हे लावत जा, दर आठ दिवसांनी, असं सांगून. जमादार पुढे कधी गावात आला की काकूंकडे चहा घेतल्याशिवाय जात नसे. तुमच्या पिसानं ठाण्यातल्या बंदुकाही पुसतो, म्हणायचा. खरं-खोटं देव जाणे.

नवराबायकोत भांडणाचा एकच विषय होता, तो खंडेनवमीचा. त्या दिवशी हत्यारांची पूजा. काका बंदुकीला हळदकुंकू वाहणार, पाणी शिंपडणार, फुलं घालणार. काकूंचं म्हणणं, कुंकवानं लोखंडाला डाग पडतो, पाण्यानं गंज येतो, काय करायचं ते दस्त्याला करा. दरवर्षी हीच वादावादी. काका बिचारे एका बोटानं दस्त्यावर कुंकू टेकवत आणि काकूंची पाठ फिरली की चिमूटभर नळीवरही टाकत. काकू संध्याकाळी ते पुसून काढत. आम्ही सगळे हसायचो.

काकांची आणखी एक खंत होती. त्यांच्या वडिलांच्या काळात ठासणीची बंदूक होती आणि तिची पूजा भरलेलीच करायची रीत होती. रिकामं हत्यार पुजलं तर देवी रुसते. दसऱ्याला सीमोल्लंघनाच्या वेळी गावाबाहेर तो बार हवेत काढायचा. काकूंनी ही रीत घरात आल्या आल्या मोडली. भरलेली बंदूक भिंतीवर टांगायची नाही, बस. काका गप्प बसले होते. पण त्या वर्षी, माझ्या मुक्कामाच्या पाचव्या वर्षी, डुकरांनी ज्वारीचा सत्यानाश केला. वर उन्हाळ्यात वाटणीवरून दोघा भावांची चावडीवर बोलाचाली झाली होती, साऱ्या गावानं ती ऐकली होती. पुढे दोघंही ते विसरले, एका ताटात जेवू लागले, पण काकांच्या मनानं घेतलं की देवी रुसली आहे.

अष्टमीला काकूंनी बंदूक साफ केली. मी ओसरीवर वह्या तपासत होते. त्यांनी मला बोलावलं, नळी उजेडाकडे धरली, आणि मला आरपार बघायला लावलं. आत गोल, स्वच्छ उजेड होता. मी म्हटलं, दिसतं. नवमीला पूजा झाली, काकांनी बंदुकीला झेंडूचा मोठा हार घातला आणि ती ओसरीवरच्या दोन खुंट्यांवर टांगली. त्या वर्षी वादावादी झाली नाही. काका शहाणे झाले असं मला वाटलं.

दसऱ्याच्या सकाळी मी खोलीत वेणी घालत होते. मळ्यात डुकरं शिरल्याचा निरोप आला. मधुकर ओसरीवर आला आणि त्यानं खालूनच नळीला धरून बंदूक ओढली. हाराचा दोरा एकीकडे खुंटीत आणि एकीकडे घोड्यात अडकला होता. ओढल्यावर घोडा मागे आला, दोरा तुटला. आवाज एवढा मोठा झाला की मला वाटलं भिंत पडली. बाहेर आले तेव्हा मधुकर खुंट्यांखाली पडला होता, त्याच्या छातीवर झेंडूच्या पाकळ्या होत्या, आणि काकू त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तो जागीच गेला होता. बोलायला वेळच मिळाला नाही त्याला.

सुमन विहिरीवर गेली होती. घरात आम्ही तिघंच. पुंडलिककाका देवघरातून आले, पाहिलं, आणि खालीच बसले. "म्या घातलं वं," ते म्हणाले. "काल पूजेले म्याच काडतूस घातलं. तू बोलशीन म्हनून सांगतलं नाई. आज सांजीले बार काढनार होतो."

काकूंनी मधुकरचं डोकं हळूच जमिनीवर ठेवलं, उठल्या, आणि नवऱ्याच्या तोंडावर हात ठेवला. तो हात रक्तानं भरलेला होता. "हे आता कोनापाशी बोलू नका," त्या म्हणाल्या. "भावानं भावाले वाटनीसाठी मारलं म्हनतीन. फासावर जासान." मग माझ्याकडे वळल्या. "बाई, तुमी खोलीत होत्या. तुमी काई ऐकलं नाई."

पाच मिनिटांत अंगण भरलं. सुमन घागर घेऊन आली, ती घागर कुठे पडली मला आठवत नाही. तिला पाचवा महिना होता.

संध्याकाळी तोच जमादार आला. पंचनामा झाला. काकूंनी सांगितलं, मी साफ केली, साफ करताना काडतूस आत राहिलं, माझ्या हातून झालं. जमादारानं लिहिणं थांबवलं. तुमच्या हातून? असं त्यानं दोनदा विचारलं. काकू म्हणाल्या, माणसाच्या हातून होते. त्याचा विश्वास बसला नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तो माझ्याकडे आला. बाई, तुम्ही ओसरीलगत राहता, त्यांना साफ करताना पाहिलं का? नळी रिकामी होती का?

मी पोरांना रोज सांगत होते, नेहमी खरं बोलावं. फळ्यावर सुविचार लिहीत होते. मी म्हटलं, "मी वह्या तपासत होते. माझं लक्ष नव्हतं." काकूंनी मान खाली घातली. मला तेव्हा वाटलं मी त्यांच्यावर उपकार केला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे संन्याशानंच दोर आपल्या गळ्यात घालून घेतला होता आणि मी नुसतं बाजूला होऊन वाट करून दिली.

गावानं ते फार पटकन मानलं. याचंच मला अजून नवल वाटतं. जी माणसं काकूच्या हातावर डोळे मिटून विश्वास ठेवत होती, तीच म्हणू लागली, बाईमाणसाच्या हातात बंदूक दिल्यावर दुसरं काय होणार. बाकीच्या चार बंदुका पुन्हा कधी त्या अंगणात आल्या नाहीत. कोर्टाच्या तारखेला काकू एकट्या हिंगणघाटला जात, मोठ्या कपाळावर पदर ओढून, एसटीत मागच्या बाकावर बसून. खटला रखडत तीन वर्षं चालला. शेवटी जी शिक्षा झाली ती नाममात्र होती. पण कोर्टाच्या दारात त्यांचं नाव मोठ्यानं पुकारलं जाई, आणि वेगळ्या एसटीनं आलेली सुमन ते ऐकत समोर बसलेली असे.

सुमन काकूंशी बोलायची थांबली. माहेरी गेली नाही. जाणार कुठे, आईबाप नव्हते. मुलगी झाली तेव्हा काकूंनी बाळंतपण केलं, पण बाळंतिणीनं तोंड भिंतीकडे ठेवलं. काकूंना मी म्हटलं, निदान सुमनला तरी सांगा. त्या म्हणाल्या, एकीला सांगितलं की गावाला सांगितलं.

पण मला खरं सांगायचं आहे ते पुंडलिककाकांबद्दल. पहिल्या महिन्यात कोणी सांत्वनाला येऊन म्हटलं की भाऊ, वहिनीच्या चुकीनं घात झाला, तर ते ताडकन उठून आत जात. आत जाऊन रडत, मला भिंतीतून ऐकू येई. तेराव्याला ते सगळ्यांसमोर बोलायला उभे राहिले होते, काकूंनी डोळ्यांनी बसवलं. दिवाळीनंतर असं कोणी म्हटलं तर ते उठत नसत, मान खाली घालून बसत. संक्रांतीच्या सुमारास मान हलवू लागले. होळीला मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, पाहुण्याला ते सांगत होते, "काय सांगू, घरच्याच मानसाच्या हातून झालं." मी चमकून काकूंकडे पाहिलं. त्या शेगडी पेटवत होत्या.

मला आधी वाटलं नाटक आहे, निभावून नेतायत. पण माणूस एखादं खोटं रोज बोलला की ते त्याला पाठ होतं, आणि पाठ झालेलं खरं वाटू लागतं. पाढ्यांचं असंच असतं, पोरगं चुकीचा पाढा पाठ करतं आणि मग मास्तरांशी भांडतं. पुढच्या पावसाळ्यात काकांनी काकूंच्या हातचं जेवण सोडलं. जिनं भाऊ खाल्ला तिच्या हातचं खात नाही, म्हणाले. तेव्हापासून सुमन त्यांना वाढू लागली. मला राग आवरला नाही. मी काकूंना म्हटलं, तुम्ही याच माणसासाठी हे केलं का? त्याच वर्षी माझी बदली आर्वीकडे झाली. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि याची मला आजही लाज वाटते.

त्यानंतर सहा-सात वर्षांनी एका प्रशिक्षणासाठी मी समुद्रपूरला गेले होते. परत येताना मला राहवेना, वाट वाकडी करून वडनेरला उतरले आणि पायी गावात गेले. दुपारचे बारा वाजले असतील. ओसरीवरच्या दोन्ही खुंट्या उपटून भोकं लिंपलेली होती. पुंडलिककाकांना अर्धांगाचा झटका आला होता, ते आतल्या खोलीत खाटेवर होते. मला ओळखलं. डोळ्यांत पाणी आलं. आणि वाकड्या तोंडानं त्यांनी मला तीच गोष्ट सांगितली, जणू मी तिथे नव्हतेच. बायकोनं बंदूक साफ केली, काडतूस आत ठेवलं, मधू गेला. सांगताना ते खरोखर दुःखी होते. त्यात काही बनाव नव्हता.

काकू मागच्या पडवीत होत्या. केस पांढरे, पण पाठ ताठ. मी जवळ बसले आणि आवाज खाली घेऊन म्हटलं की आता खटला संपला, फास नाही, तुरुंग नाही, आता तरी खरं सांगा. तुम्ही नाही तर मी सांगते. माझ्या मनावर दगड आहे.

"ते आता खोटं नाई बोलून राह्यले बाई," काकू म्हणाल्या. "त्याईले खरंच तसं वाटते. वाटते म्हनून झोप लागते."

"आणि सुमन? तिनं असंच तुम्हाला शिव्याशाप देत जगायचं?"

काकू म्हणाल्या, "सुमनले सांगू? अन् मंग ती त्याईले जेवू कशी घालीन? माह्या हातचं ते खात नाईत. तिनंबी सोडलं तं मानूस उपाशी मरीन."

मी आयुष्यात इतकी कधी चिडले नव्हते. कोणावर चिडले ते मात्र नीट सांगता येणार नाही. काकूंनी मला पोहे केले, मी ते गिळले. मग त्यांनी परातीत पीठ घेतलं, भाकरी थापली, शेकली, वाटीत कुस्करून त्यावर दूध ओतलं. वाटी उचलून आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवली आणि चार पावलं मागे सरकल्या. सुमन बाजूच्या दारानं आली, काकूंकडे न बघता वाटी उचलली आणि आत गेली.

मी चपला घालत होते. आतून काकांचा जड आवाज आला. भाकर कोणी केली, असं ते विचारत होते.

"म्याच केली जी," सुमन म्हणाली. "खा."

काकू उंबऱ्याशी पाण्याचा तांब्या ठेवत होत्या. ते ऐकून त्यांनी तो आवाज न करता टेकवला, आणि हात पदराला पुसत पडवीत परत गेल्या. मी बसच्या वेळेचं निमित्त सांगून निघाले.